लूप दारातूनच परत येतो

या वेळच्या टपालातले निम्मे प्रश्न एकाच दुखण्याचे निघाले. फॉर्मवरच्या सगळ्या कंट्रोलांवरून, म्हणजे खण, बटणं, लेबलं यांच्यावरून, एकामागून एक लूप फिरवायचाय, आणि तो लूप कुणाचा अर्ध्यात थांबतो, कुणाचा नको तिथे शिरतो, कुणाचा मेनूला बघतच नाही. म्हणून या महिन्यात बाकी सगळं बाजूला ठेवून हेच घेतेय. कोडमधले शब्द देवनागरीत लिहिलेत, टाइप कसे करायचे ते तुम्हाला माहितीच आहे.

प्रश्न : नमस्कार ताई, माझं सुताच्या गोदामाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, आधी व्हीबी सिक्समध्ये म्हणजे जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये होतं, आता सी शार्पमध्ये विनफॉर्म्सवर, म्हणजे डॉट नेटच्या विंडोज फॉर्मवर, घेतोय. पार्टी मास्टरच्या फॉर्मवर एकूण 41 टेक्स्टबॉक्स आहेत, काही ग्रुपबॉक्समध्ये, काही टॅबवर. 'नवीन' बटण दाबलं की सगळे रिकामे व्हायला पाहिजेत. लूप लावला तर आधी एरर आली की लेबलचा टेक्स्टबॉक्स करता येत नाही, ती कशीबशी घालवली, आता एरर नाही पण फक्त वरचे 3 टेक्स्टबॉक्स पुसले जातात, 38 जसेच्या तसे. व्हीबीमध्ये हाच लूप इतकी वर्षं बिनबोभाट चालला. माझं काय चुकतंय? (इचलकरंजी)

उत्तर : तुमचं चुकलंय असं नाही हो, तुम्ही जुन्या घराच्या सवयीने नव्या घरात वावरताय एवढंच. व्हीबी सिक्समध्ये फॉर्मचं जे कंट्रोल्स नावाचं कलेक्शन होतं ना, ती सपाट यादी होती. फ्रेममध्ये असो, फ्रेममधल्या फ्रेममध्ये असो, फॉर्मवर जे जे काही आहे ते सगळं एका रांगेत, मतदार यादीसारखं. अगदी टायमर आणि मेनूसुद्धा त्याच यादीत, म्हणून तर सगळ्यांना टेक्स्ट रिकामं दे म्हटलं की 438 नंबरची एरर यायची, कारण टायमरला कुठे टेक्स्ट असतं. कुठला कंट्रोल कुठल्या फ्रेममध्ये बसलाय हे हवं असेल तर त्याला कंटेनर विचारायचं. एक्सेलमधल्या व्हीबीए युजरफॉर्मचं आजही तसंच आहे, त्यामुळे तिथून इकडे येणारी मंडळीसुद्धा याच खड्ड्यात पडतात.

2002 साली डॉट नेट आलं आणि हे बदललं. नाव तेच ठेवलं, कंट्रोल्स, पण अर्थ बदलला, आणि खरी गोची तिथेच झाली. आता फॉर्मला कंट्रोल्स विचारलं की तो फक्त स्वतःची सख्खी पोरं सांगतो. नातवंडं नाही. ग्रुपबॉक्स हे फॉर्मचं पोर, त्याच्या आतला टेक्स्टबॉक्स हे ग्रुपबॉक्सचं पोर. टॅबचं तर अजून एक मजला वर, फॉर्ममध्ये टॅबकंट्रोल, टॅबकंट्रोलमध्ये टॅबपेज, टॅबपेजमध्ये कदाचित पॅनेल, आणि मग कुठे तुमचा टेक्स्टबॉक्स. तुमचा लूप वाड्याच्या दारात उभा राहून कोण कोण राहतं विचारतो, दारातला माणूस अंगणात दिसणाऱ्या तिघांची नावं सांगतो आणि तुम्ही तेवढीच लिहून घेऊन परत. माडीवरचे भाडेकरू राहिले ना.

आधी ती पहिली एरर कशी घालवली ते बघा, कारण मला शंका आहे की तुम्ही ट्राय कॅच लावून तोंड बंद केलंय. फॉरईचमध्ये तुम्ही टेक्स्टबॉक्स असा प्रकार लिहिला असणार, तर सी शार्प प्रत्येक वस्तूला जबरदस्तीने टेक्स्टबॉक्स करायला जातं, आणि पहिलं लेबल आलं की इनव्हॅलिड कास्ट. प्रकार कंट्रोल असा लिहा आणि आत इझ टेक्स्टबॉक्स म्हणून विचारा. नाहीतर डॉट नेट 3.5 पासून, म्हणजे 2007 पासून, लिंक नावाच्या सोयीतलं ऑफटाइप आहे, ते टेक्स्टबॉक्स तेवढे गाळून देतं. पण लक्षात घ्या, ऑफटाइपनं एरर जाते, लूप जास्त आत शिरत नाही. बरेच जण ऑफटाइप लावतात आणि आता सगळं मिळेल म्हणून बसतात, मिळतात तेच 3.

मग करायचं काय, तर एक फंक्शन लिहायचं जे स्वतःलाच बोलावतं, यालाच रिकर्शन म्हणतात. मी ते आधी मराठीत लिहून दाखवते, असं लिहिलं की डोक्यात पक्कं बसतं:

साफकर (डबा)
 डब्यातल्या प्रत्येक वस्तूसाठी
  वस्तू टेक्स्टबॉक्स असेल तर : पुसून टाक
  वस्तू कॉम्बो असेल तर : काहीच निवडलेलं नाही असं कर
  वस्तू चेकबॉक्स असेल तर : टिक काढ
  यातलं काहीच नसेल तर : साफकर (वस्तू)

झालं. बटणाच्या क्लिकमध्ये साफकरला फॉर्म द्यायचा, म्हणजे धिस. मग तो ग्रुपबॉक्सपर्यंत जातो, हे टेक्स्टबॉक्स नाही, कॉम्बो नाही, मग हा डबा असेल, चला आत. लेबल आलं तर लेबलाच्याही आत जाऊन बघतो, तिथे काही नसतं, शून्य फेऱ्या मारून गुपचूप परत येतो, त्याची वेगळी काळजी करायची गरज नाही. हॅजचिल्ड्रन विचारून मग आत जा असं काही जण लिहितात, लिहा हवं तर, बिघडत काही नाही.

स्टॅक, म्हणजे उघड्या कॉलांसाठी राखलेली मेमरी, भरेल का ही भीती कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना असते, रिकर्शन म्हटलं की मास्तरांनी तेवढंच सांगितलेलं असतं. अहो, फंक्शन एका वेळी जितके मजले आत आहे तितकेच कॉल उघडे असतात, एकूण कंट्रोल किती यावर ते अवलंबून नाही. माणसाने बनवलेल्या फॉर्ममध्ये आठ दहा मजल्यांच्या खाली मी अजून कधी गेले नाहीये.

आता टेक्स्टबॉक्स विचारताना एक बारीक गोष्ट. मास्क्डटेक्स्टबॉक्स आणि रिचटेक्स्टबॉक्स हे टेक्स्टबॉक्सचे भाऊ आहेत, पोरं नाहीत, तिघांचा बाप टेक्स्टबॉक्सबेस. पॅन नंबरसाठी मास्कवाला खण घेतला असेल आणि तुम्ही टेक्स्टबॉक्स विचारत असाल तर तो खण सुटणार. टेक्स्टबॉक्सबेस विचारा आणि क्लिअर म्हणा, तिघांनाही चालतं. कॉम्बोला नुसतं टेक्स्ट रिकामं देऊन भागत नाही, विशेषतः ज्याच्यात टाइप करता येत नाही, फक्त यादीतून निवडायचं असतं त्याला, तिथे सिलेक्टेडइंडेक्स उणे एक करायचं. आणि डेटटाइमपिकर रिकामा होतच नाही, त्याला तारीख लागतेच, बरं तीही 1 जानेवारी 1753 च्या आधीची चालत नाही. एकतर आजची तारीख ठेवा नाहीतर त्याचा तो छोटा चेकबॉक्स दाखवा आणि त्याची टिक काढा.

माझा स्वतःचा किस्सा सांगते आणि पुढे जाते. व्हीबी सिक्सवरून डॉट नेटवर एका पतसंस्थेचं काम आणत होते, नाव नको. नवीन खात्याचा फॉर्म, वर नाव पत्ता फोन, खाली वारसाची माहिती ग्रुपबॉक्समध्ये. जुना लूप तसाच उचलून आणला, वरचं पुसलं जातंय हे बघितलं आणि पोचतं केलं. ऑपरेटर बाई वरचे खण भरायच्या, खाली बघायच्याच नाहीत कारण वारसाचं लोक नंतर सांगतात. आठवडाभराने एक बाई पासबुक घेऊन काउंटरवर, माझ्या खात्याला शेजारणीचा नवरा वारस कसा काय लागला म्हणून. हसू नका, मला त्या आठवड्यातली सगळी खाती उघडून एकेक वारस तपासायला लागला होता.

प्रश्न : आमच्याकडे रिकर्शनवाला लूप आहे आणि तो सगळीकडे पोचतो. पण न्यूमेरिकअपडाउन, म्हणजे आकड्याचा वर खाली बाणवाला खण, तो लूपनंतर रिकामा दिसतो आणि सेव्ह केलं की आधीच्या माणसाचाच आकडा सेव्ह होतो. आम्ही त्या खणाला हातसुद्धा लावलेला नाही. (नाशिक)

उत्तर : हातच नाही, पायसुद्धा लावलाय, फक्त तुम्हाला कळलं नाही. न्यूमेरिकअपडाउन बाहेरून एक दिसतो पण तोसुद्धा एक डबाच आहे, त्याच्या पोटात दोन पोरं, एक लिहायचा खण आणि एक ते बाण. आणि तो लिहायचा खण टेक्स्टबॉक्सच्याच वंशातला. तुमचा लूप प्रत्येक वस्तूच्या आत शिरतो, इथेही शिरला, आत टेक्स्टबॉक्स दिसला, पुसला. वरचं अक्षर गेलं पण खरा आकडा व्हॅल्यू नावाच्या प्रॉपर्टीत असतो, त्याला कुणी काही सांगितलंच नाही. रिकाम्या खणातून वाचायला त्याला नवीन आकडा मिळत नाही, मग तो जुनाच धरून बसतो. युजरने स्वतः बॅकस्पेस मारून खण रिकामा केला तरी हेच होतं, करून बघा.

म्हणून वरच्या उत्तरात 'यातलं काहीच नसेल तर' असं लिहिलंय, ती ओळ घाईत वाचून सोडू नका. ज्या वस्तूचं काय करायचं ते तुम्हाला माहितीये तिच्या आत शिरायचं नाही. न्यूमेरिकअपडाउन आला की व्हॅल्यू त्याच्या मिनिममइतकी करायची आणि पुढच्या वस्तूकडे जायचं. थेट शून्य देऊ नका, कुणी मिनिमम 1 ठेवला असेल तर एरर येईल. जाता जाता मॅक्झिममही बघा, तो मुळात 100 असतो आणि वजनाच्या खणात 101 किलो टाकायला गेल्यावर माणसं सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

तीच गोष्ट तुम्ही स्वतः बनवलेल्या युजरकंट्रोलची. पत्त्याचा एक युजरकंट्रोल असेल, जिल्हा तालुका गाव असे तीन कॉम्बो, तर बाहेरच्या लूपने त्याच्या पोटात हात घालू नये असं माझं मत आहे. जिल्हा पुसला की तालुक्याची यादी बदलते, तालुका बदलला की गावाची, आणि तुमचा लूप भलत्याच क्रमाने गेला तर मधेच काहीतरी भरून बसतं. त्यापेक्षा त्या युजरकंट्रोललाच साफ हो असं एक फंक्शन द्या, आणि लूपमध्ये तो आला की फक्त ते बोलवा. ज्याचं घर त्याने झाडावं.

ग्रिड आहे का तुमच्या फॉर्मवर? डेटाग्रिडव्ह्यूच्या आत लूप शिरला तर तिथे मुख्यतः स्क्रोलबार भेटतात. खणातले आकडे भेटत नाहीत, कारण सेल हा कंट्रोलच नाही, ते नुसतं रंगवलेलं चित्र असतं आणि कुणी टाइप करायला लागलं की तेवढ्यापुरता एक टेक्स्टबॉक्स येऊन बसतो. ग्रिडसाठी ओळी आणि कॉलम यांचाच लूप.

प्रश्न : टेक्स्टबॉक्सचं नाव माझ्याकडे स्ट्रिंगमध्ये आहे, टीएक्सटीमहिना1 ते टीएक्सटीमहिना12. व्हीबीत कंट्रोल अ‍ॅरे होता तसं काही? (बार्शी)

उत्तर : कंट्रोल अ‍ॅरे गेला तो गेलाच. फॉर्मच्या कंट्रोल्सवर फाइंड आहे, त्याला नाव द्यायचं आणि दुसरं ट्रू द्यायचं, ट्रू म्हणजे आतल्या डब्यांतही शोध. परत अ‍ॅरे येतो कारण एका नावाचे दोन असू शकतात, त्यातला पहिला घ्या, पण आधी अ‍ॅरे रिकामा नाही ना ते बघा. आणि 12 वेळा फाइंड मारण्यापेक्षा फॉर्म लोड होताना एकदाच 12 जणांना तुमच्या स्वतःच्या अ‍ॅरेत भरून ठेवा, मग हवा तितका लूप फिरवा.

प्रश्न : सेव्हच्या आधी कुठला खण रिकामा राहिलाय का ते लूपने तपासतो. जे खण लपवलेले आहेत ते तपासायचे नाहीत म्हणून व्हिजिबल नसेल तर सोडून दे असं लिहिलंय. पण दुसऱ्या टॅबवरचे रिकामे खण कधीच पकडले जात नाहीत, आणि त्या टॅबवर जाऊन सेव्ह केलं की मग पहिल्या टॅबचे सुटतात. वेड लागायची पाळी आली. (पुणे)

उत्तर : हा या महिन्यातला माझा आवडता प्रश्न, कारण लूपही बरोबर, रिकर्शनही बरोबर, आणि तरी फसलंय.

व्हिजिबल ही प्रॉपर्टी लिहिताना एक आणि वाचताना दुसरी. तुम्ही ट्रू लिहिता तेव्हा त्या कंट्रोलपुरतं लिहिता. वाचता तेव्हा तो आपल्या बापालाही विचारतो, बापाच्या बापालाही विचारतो, आणि वर कुणीही एक जण लपलेला असेल तर मीही दिसत नाही म्हणून फॉल्स सांगतो. जो टॅब समोर नाही त्याचं टॅबपेज लपलेलं असतं, म्हणून त्याच्या आतले सगळे खण फॉल्स. तुमचा लूप त्यांना लपवलेले समजून शिस्तीत वगळतो. एनेबल्डचंही असंच आहे, आणि तिथे ते फायद्याचंही आहे, अख्खा ग्रुपबॉक्स बंद करायचा असेल तर आतल्या वीस जणांवर लूप कशाला, ग्रुपबॉक्सचं एनेबल्ड फॉल्स केलं की झालं.

तर दिसतोय का हे विचारूच नका. हा खण सध्या लागू आहे का हे तुमच्या स्वतःच्या हिशोबात ठेवा, टॅगमध्ये एखादी खूण करा किंवा लागू असलेल्या खणांची एक यादी ठेवा. लपवायचा निर्णय कोडमध्ये तुम्हीच घेता ना, मग तो लिहून ठेवायला काय जातं.

आता चुकलेला खण सापडला की पुढचं काम, त्याच्यावर फोकस न्यायचा. तो मागच्या टॅबवर असेल तर नुसतं फोकस म्हणून काही होत नाही, आधी तो टॅब पुढे आणावा लागतो. इथे लूप उलटा, खालून वर. चुकलेल्या खणाचा पेरेंट घ्या, तो टॅबपेज आहे का बघा, असेल तर त्याच्या टॅबकंट्रोलला सांगा की हे पान निवड, मग त्या पेरेंटचा पेरेंट, असं नल येईपर्यंत चढत जा. टॅबमध्ये टॅब असेल, आणि तुमच्या फॉर्ममध्ये तो असणारच असं मला का कोण जाणे वाटतंय, तरी वाटेत दोन्ही पानं निवडली जातात आणि खण समोर येतो. सहा ओळींचा कोड आहे, आणि ऑपरेटरला 'कुठला तरी खण रिकामा आहे' असा मेसेज देऊन शोधायला लावण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

अजून एक, ज्या टॅबवर युजर एकदाही गेला नाही तिथले कंट्रोल प्रत्यक्षात तयारच झालेले नसतात आणि त्यांचं डेटा बाइंडिंगही, म्हणजे खण आणि मागचा डेटा यांची जोडणी, लागलेलं नसतं. तपासणी खणाच्या टेक्स्टवर करत असाल तर तिथे भरलेली माहितीसुद्धा रिकामी दिसू शकते. बाइंडिंग वापरत असाल तर तपासायचं ते मागच्या डेटावर, खणावर नाही.

प्रश्न : डेअरीच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलायची सोय केलीय. मराठी निवडलं की सगळी लेबलं आणि बटणं मराठी होतात, मेनू मात्र इंग्रजीच. मेनूस्ट्रिप लूपमध्ये सापडतो पण त्याच्या आत काहीच नाही म्हणतो. (फोंडा, गोवा)

उत्तर : मेनूस्ट्रिप कंट्रोल आहे, त्यातले पर्याय कंट्रोल नाहीत. फाइल, रिपोर्ट, मदत वगैरे जे दिसतं ते टूलस्ट्रिपआयटम, त्यांची जातच वेगळी, म्हणून ते कंट्रोल्समध्ये नसतात, आयटम्समध्ये असतात. आणि रिपोर्टच्या खाली उघडणारे पर्याय ड्रॉपडाउनआयटम्समध्ये. तेव्हा मेनूसाठी दुसरं रिकर्शन लिहायला लागतं, आयटम्स घ्या, प्रत्येकाचं टेक्स्ट बदला, त्याला ड्रॉपडाउनआयटम्स असतील तर आत. इथेही प्रकार लिहिताना सांभाळा, मधल्या बारीक रेघा म्हणजे सेपरेटर, तेही त्याच यादीत असतात आणि ते मेनूआयटम नाहीत, जबरदस्ती केली की परत तीच कास्टची एरर. युजरप्रमाणे परमिशन लावून मेनू बंद करणाऱ्यांनाही हेच लागू.

राइट क्लिकचा मेनू कुठल्याच कंट्रोल्समध्ये नसतो, तो ज्याला लावलाय त्याच्याकडे विचारावा लागतो. ग्रिडच्या कॉलमची नावं कॉलम्समध्ये. टूलटिपचं वाक्य टूलटिपकडे. एवढ्या जागा आठवून आठवून गेलं की मग फॉर्म पूर्ण मराठी होतो, आणि तरी एखादा मेसेजबॉक्स इंग्रजीत राहतोच, तो कोडमध्ये लिहिलेला असतो.

फॉन्टसाठी मात्र लूप नको हं. फॉन्ट वरून खाली उतरतो, फॉर्मला दिला की आतल्यांना मिळतो, फक्त ज्याला कुणी डिझायनरमध्ये स्वतंत्र फॉन्ट चिकटवलाय तो ऐकत नाही. मेनूही ऐकत नाही, त्याला वेगळा द्यावा लागतो. विंडोज 8 पासून निर्मला यूआय आहे, त्याच्या आधीच्या मशिनवर मंगल. आणि लेबलांचं ऑटोसाइझ चालू ठेवा. इंग्रजी बघून उंची पक्की केली असेल तर 'खर्च' आणि 'किंमत' मधले वरचे रफार वेलांट्या कापले जातात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं सॉफ्टवेअरला शुद्धलेखन येत नाही.

प्रश्न : पॅनेलवर टेबलांची बटणं काढतो, हॉटेलचं आहे. मजला बदलला की जुनी बटणं लूपने काढून नवीन टाकायची. पण निम्मी बटणं राहतात, एक सोडून एक. क्लिअर वापरलं तर ठीक चालतं पण रात्रीपर्यंत सॉफ्टवेअर विंडो हँडल तयार करता येत नाही म्हणून बंद पडतं. (कोल्हापूर)

उत्तर : दोन वेगळे रोग. पहिला, रांगेतून पहिला माणूस काढला की दुसरा पहिल्याच्या जागी सरकतो, आणि तुमचा लूप मात्र दुसऱ्या जागेकडे बघतो, तिथे आता तिसरा उभा. म्हणून एक सोडून एक. ज्या कलेक्शनवर फिरताय त्याच्यातून फिरता फिरता काढायचं नाही. हे एका पॅनेलमधून दुसऱ्यात हलवतानाही होतं, कारण दुसऱ्या पॅनेलला अ‍ॅड केलं की पहिल्यातून तो आपोआप निघतो.

दुसरा रोग जास्त वाईट, कारण दिवसभर दिसत नाही. क्लिअर बटणं पॅनेलवरून उतरवतं, मारत नाही. प्रत्येक बटणामागे विंडोजचं एक हँडल, म्हणजे विंडोजने ठेवलेली त्याची नोंद, असतं आणि एका प्रोग्रामला साधारण 10,000 ची मर्यादा. समजा 40 टेबलं आहेत, तर 250 वेळा मजला बदलला की हिशोब पुरा, गर्दीच्या संध्याकाळी तेवढं होऊन जातं. म्हणून जोवर पॅनेलमध्ये एकही आहे तोवर शून्य नंबरच्या बटणाला डिस्पोज म्हणा. डिस्पोज केलं की ते मरतं आणि पॅनेलमधूनही स्वतःच निघतं, वाइलचा लूप आपोआप संपतो, दोन्ही रोग एका गोळीत. खरं सांगू का, टेबलं रोज तीच असतील तर काढूच नका, मजल्यागणिक एक पॅनेल एकदाच बनवा आणि दाखवा लपवा.

प्रश्न : आमचे ऑपरेटर डॉसच्या काळातले आहेत, त्यांना एंटर दाबलं की पुढच्या खणात जायला पाहिजे. प्रत्येक टेक्स्टबॉक्सला लूपने कीडाउन, म्हणजे कळ दाबल्यावर चालणारं फंक्शन, जोडावं का? (सांगली)

उत्तर : जोडता येईल पण नका जोडू. फॉर्मचं कीप्रिव्ह्यू ट्रू करा, मग दाबलेली कळ आधी फॉर्मकडे येते. एंटर आला की सिलेक्टनेक्स्टकंट्रोल, त्याला पाच गोष्टी द्यायच्या असतात, त्यातली चौथी म्हणजे आतल्या डब्यांत शिरायचं का, ती ट्रू ठेवली नाही की ग्रुपबॉक्सच्या दारावरून उडी मारून पुढे जातो. आणि सप्रेसकीप्रेस ट्रू, नाहीतर प्रत्येक एंटरला टिंग असा आवाज येतो, दहा ऑपरेटर एका खोलीत असतील तर देऊळच. अनेक ओळींचा शेऱ्याचा खण असेल तर तो वगळा, तिथे एंटर म्हणजे नवीन ओळ.

युजरकंट्रोल असेल तर एक भानगड होते. फॉर्मला अ‍ॅक्टिव्हकंट्रोल कोण विचारलं तर तो युजरकंट्रोलचं नाव सांगतो, आतल्या खणाचं नाही, त्यामुळे पहिल्याच खणातून एंटर मारला की बाहेर. तेव्हा मिळालेला कंट्रोल स्वतः कंटेनरकंट्रोल असेल तर त्याचा अ‍ॅक्टिव्हकंट्रोल, असं खाली खाली जात खरा खण शोधा आणि मग पुढचा मागा. क्रम टॅबइंडेक्सचाच चालतो, कंट्रोल्समधला नाही. कंट्रोल्समधला क्रम वर खाली कोण झाकलंय त्याचा असतो, शून्य नंबरचा सगळ्यात वर.

प्रश्न : हे सगळं विनफॉर्म्सचं झालं. डब्ल्यूपीएफ, जावा, डेल्फीवाल्यांनी काय करायचं? (ठाणे)

उत्तर : डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे डॉट नेटच्याच दुसऱ्या स्क्रीन पद्धतीत, कंट्रोलांची झाडं दोन, लॉजिकल आणि व्हिज्युअल. तुम्ही लिहिलेलं ते लॉजिकल, आणि एका बटणाच्या आत बॉर्डर वगैरे जे खरोखर रंगवलं जातं ते व्हिज्युअल. व्हिज्युअलट्रीहेल्परला किती पोरं, आणि मग नंबराने पोर दे, असं विचारत जायचं. पण विंडो लोड व्हायच्या आधी विचाराल तर झाड उगवलेलंच नसतं, आणि टॅबमधला न निवडलेला टॅब व्हिज्युअल झाडात नसतोच. माझं विचाराल तर तिथे खण पुसायला लूप लिहिणं हेच चुकीचं लक्षण, बाइंडिंग लावलंय ना, मागचा ऑब्जेक्ट नवीन करा, खण आपोआप रिकामे.

जावाच्या स्विंगमध्ये गेटकंपोनंट्स, सख्खी पोरंच, आणि जेमेनूच्या पोटातलं मिळवायला गेटमेनूकंपोनंट्स, म्हणजे मेनूची कटकट तिथेही. सी प्लस प्लसवाल्यांच्या क्यूटीमध्ये फाइंडचिल्ड्रन न सांगता आतपर्यंत जातं, सुखी माणसं. पायथनच्या टीकेइंटरमध्ये विनफोचिल्ड्रन, परत सख्खीच. सरळ विंडोजला विचारायचं तर इनमचाइल्डविंडोज सगळी वंशावळ देतं, पण त्यात कॉम्बोच्या आतला लिहायचा खणसुद्धा वेगळा येतो जो डॉट नेटला दिसत नाही, तेव्हा दोन्हींची संख्या जुळत नाही म्हणून डोकं धरून बसू नका.

डेल्फीवाल्यांनी मात्र 1995 पासून दोन्ही याद्या ठेवल्यात. कंट्रोल्स म्हणजे कुणाच्या आत कोण बसलंय, पेरेंटचं नातं. कंपोनंट्स म्हणजे कुणाच्या मालकीचं काय, ओनरचं नातं, आणि डिझायनरमध्ये टाकलेल्या सगळ्यांचा ओनर फॉर्म, म्हणून ती यादी सपाट, टायमर मेनूसकट. मात्र कोडमध्ये बटण बनवताना ओनरच्या जागी निल दिलं असेल तर ते कंपोनंट्समध्ये सापडणार नाही, पॅनेलच्या कंट्रोल्समध्ये सापडेल, आणि मालक म्हणून फॉर्म त्याला मारत नाही, ते ज्या पॅनेलमध्ये बसलंय ते पॅनेल मरताना त्याला मारतं, हेही ध्यानात ठेवा.